ऐंशी लाखांची गाडी आणि डिक्कीला काठी

गेल्या रविवारी गोकुळपेठ मार्केटमध्ये एक दृश्य पाहिलं. पांढरीशुभ्र मोठी एसयूव्ही, किंमत ऐंशी लाखांच्या वर. मागची डिक्की उघडलेली आणि तिला टेकू कशाचा? बांबूच्या काठीचा! मालक आमच्या धरमपेठेतलेच, ओळखीचे. मी गमतीने म्हटलं, "भाऊ, ही कोणती नवीन ॲक्सेसरी?" तर म्हणाले, "हसू नका. मागच्या महिन्यात आईच्या डोक्यावर पडली डिक्की. चार टाके पडले."

हसू तिथंच थांबलं.

बटण दाबलं की आपोआप उघडणारी डिक्की. वर गेली, क्षणभर थांबली आणि धाडकन खाली. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. पहिल्यांदा म्हणे "सॉफ्टवेअर अपडेट केलं". दुसऱ्यांदा "सर, नागपूरचं ऊन जास्त आहे". तिसऱ्यांदा "वॉरंटी संपली, दोन्ही शॉकर बदलावे लागतील". आणि जॉबकार्डवर काय लिहिलं? "जनरल चेकअप". आईच्या टाक्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष एकट्या कंपनीचा नाही. जुलै 2015 मध्ये अमेरिकेत रेंज रोव्हरच्या सुमारे 65 हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. सॉफ्टवेअरच्या दोषामुळे चालत्या गाडीचं दार उघडण्याचा धोका होता. मार्च 2025 मध्ये टेस्लाच्या सायबरट्रकचे बाहेरचे पत्रे गोंद सुटून रस्त्यावर पडू शकतात म्हणून सुमारे 46 हजार गाड्या बोलावल्या. म्हणजे महाग गाडीची बॉडी पक्कीच असते, हा आपला गोड गैरसमज आहे.

फरक एवढाच की तिथे ग्राहकांच्या तक्रारी सरकारकडे नोंदवल्या जातात आणि कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे तक्रार सर्व्हिस मॅनेजरच्या केबिनमध्ये चहाबरोबर संपते. मालकही गप्प. का? रिसेल व्हॅल्यू पडेल. आणि खरं सांगू का, "एवढी महाग गाडी घेऊन फसला" असं लोक म्हणतील ही लाजही असते.

आता काही जण म्हणतील, श्रीमंतांची रडगाणी आम्ही कशाला ऐकायची? ठीक आहे. पण ती डिक्की पडते कुणाच्या डोक्यावर? सामान भरणाऱ्या पोराच्या, ड्रायव्हरच्या, गाडी पुसणाऱ्याच्या. अमरावती रोडवर अशा गाडीचा बंपर सुटला तर मागून येणाऱ्या स्कूटीवालीचं काय होईल? मालकाकडे इन्शुरन्स आहे, वकील आहे. त्या पोराकडे काय आहे?

दुसरी गोष्ट, या मंडळींनी लढलेल्या केसचा फायदा लहान गाडीवाल्यालाही होतो. 2006 मध्ये नाशिक-मुंबई महामार्गावर एका मर्सिडीजला अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जुलै 2024 मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाली निघालं. गाडी कंपनीच्या नावावर असली तरी अधिकाऱ्याच्या वापरासाठी घेतली असेल तर तो ग्राहकच, हे त्यात मान्य झालं. (फर्मच्या नावाने गाडी घेणाऱ्या व्यापारी मित्रांनो, हे लक्षात ठेवा!) त्याच महिन्यात 2009 च्या एका सदोष बीएमडब्ल्यूसाठी 50 लाख देण्याचा आदेश झाला. आणि 2022 मध्ये क्रेटाच्या एअरबॅगच्या केसमध्ये न्यायालयाने सांगितलं की वेग आणि बलाचं गणित सामान्य ग्राहकाला यावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

पण तारखा बघा. 2006 चा न्याय 2024 मध्ये. म्हणून कोर्टाच्या आधीची पायरी मजबूत पाहिजे.

ती पायरी कागदावर आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम 110-अ आलं. 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर मालक परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार करू शकतो. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं, 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंडही आहे. वर्षाला 500 पर्यंत विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी 20 टक्के किंवा 100, यात जे कमी तेवढ्या तक्रारी पुरतात. म्हणजे महागड्या गाड्यांच्या बाबतीत एकेक तक्रार मोलाची आहे. आणि आपण ती करतच नाही!

माझं म्हणणं साधं आहे. परिवहन खातं आपल्याच खासदारांकडे, गडकरी साहेबांकडे आहे. कोणत्या मॉडेलच्या किती तक्रारी आल्या हे पोर्टलवर सगळ्यांना दिसू द्या. आणि जिथे माणूस जखमी झाला, तिथे आकडा पूर्ण होण्याची वाट न पाहता चौकशी लावा. कायदा त्याला आडवा येत नाही.

तोवर आपण काय करायचं? जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप"वर सही करू नका. व्हिडिओ काढा. पोर्टलवर नोंद करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 50 लाख ते 2 कोटी असेल तर राज्य आयोग, आणि त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. मुंबईला जायचं काम नाही.

त्या भाऊंना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, पुढच्या वर्षी विकूनच टाकतो."

विका. पण घेणाऱ्याला काठीसुद्धा द्याल ना सोबत?