बिल्ल्यावरून सायकल ओळखणाऱ्यांस

जुन्या सायकलींचा शौक भोपाळात अलीकडे बराच बोलका झाला आहे, आणि शौकापाठोपाठ त्याचे शास्त्रही येऊन दाखल झाले आहे. शास्त्र म्हणते, सायकल इंग्लंडात बनलेली असेल तर ती 'व्हिंटेज'. हिंदुस्थानात बनलेली असेल तर ती नुसती जुनी. ती इंग्लंडची आहे की नाही हे हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला सांगतो. आणि जिच्या अंगावर चार ठिकाणचे चार भाग आहेत, अशा दुकानात जुळवलेल्या सायकलीचे कामाचे भाग काढून घ्यावेत आणि सांगाडा कबाडखान्यात पाठवावा. पहिली दोन मते अज्ञानातून आलेली आहेत, ती माफ करता येतील. तिसऱ्याने मात्र दर महिन्याला काही सायकली मरतात, म्हणून हा लेख.

बिल्ल्यापासूनच सुरुवात करू. रॅले, हंबर, रज, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे आपण अशा आदराने घेतो, जणू ती सहा घराणी होती आणि त्यांचा आपसांत रोटीव्यवहारही नव्हता. प्रत्यक्षात नॉटिंगहॅमच्या रॅलेने १९३२ मध्ये हंबरचे सायकलनाव विकत घेतले, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ घेतली, १९५७ मध्ये बीएसएचा सायकल-धंदा घेतला. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या समूहाने आपल्याकडच्या हर्क्युलिस आणि फिलिप्स रॅलेच्या संसारात आणून सोडल्या. त्यानंतर एकाच कारखान्यातल्या फ्रेमवर गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बिल्ले लागू लागले. म्हणजे खुद्द इंग्लंडातच बिल्ला ही दुकानदारीची गोष्ट होऊन बसली होती. आमचे शौकीन मात्र त्यातून अजून कुळी काढत आहेत.

हिंदुस्थानात तर कथा याहून गुंतागुंतीची. कलकत्त्याच्या सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी भागी करून आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना काढला. तिथून रॅले, हंबर, रज, रॉबिन हूड अशा नावांच्या सायकली निघाल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा घराण्याने ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्स उभी केली. तिथे हर्क्युलिस आणि फिलिप्स बनली, पुढे बीएसएही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासून होतीच. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्यात मुंजाल बंधूंची हीरो सुरू झाली. याच सुमारास सरकारने परदेशी सायकलींची आयात आवळली. तेव्हा एखादी हर्क्युलिस साठच्या दशकात भोपाळात नवी कोरी विकली गेली असे तिचा मालक सांगत असेल आणि ती 'असली लंडनची' असेही त्याच दमात सांगत असेल, तर दोन्हींपैकी एक वाक्य त्याने सोडावे. हर्क्युलिस लंडनची कधी नव्हतीच, ती बर्मिंगहॅमची. आणि त्या वर्षांत इथे मिळणारी बहुधा अंबत्तूरची. नाव सोनुबाई असले म्हणून हाती कथलाचा वाळा असतो असे मला इथे म्हणायचे नाही. वाळा चांगला भक्कम आहे, तो फक्त सोनुबाईच्या माहेरचा नाही.

यावर प्रतिपक्षाचा जो खरा मुद्दा आहे त्याकडे वळले पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आसनसोल असो की अंबत्तूर, शेवटी नक्कल ती नक्कल. देशी नळी जाड, देशी क्रोम पातळ, देशी छर्रे लवकर घासणारे. यातल्या क्रोमबद्दल मी वाद घालणार नाही. जाड नळीबद्दल मात्र घालीन. इंग्रजांची रोडस्टर ही मुळात कच्च्या रस्त्यावर बसून जायची सायकल: अठ्ठावीस इंची चाके, मागे कललेली सीटची नळी, पुढे लांबवर टाकलेला चिमटा, रॉड ब्रेक आणि चेनवर पूर्ण कव्हर. आपल्या कारखान्यांनी ती घेतली आणि तिच्यावर आपले ओझे लादले. दुधाचे दोन कॅन, गव्हाचे पोते, मागे बायको आणि दांडीवर पोर. म्हणून इथे वरच्या दांडीखाली दुसरी दांडी आली, कॅरियर लोखंडी सळ्यांचा झाला, आणि पुढच्या चाकाला बत्तीस व मागच्याला चाळीस आरे हा जुना इंग्रजी हिशेब इथे टिकून राहिला, कारण वजन मागेच पडत होते. ज्या कामासाठी वस्तू घडली त्या कामात तिने दगा दिला असेल तर तिला वाईट म्हणा. भोपाळच्या दूधवाल्यांनी याच सायकली दोन-दोन पिढ्या वापरल्या आहेत.

राहिले वजन. अशी सायकल वीस किलोच्या आसपास भरते, आणि भोपाळ तर टेकड्यांचे गाव. ईदगाह टेकडी, श्यामला टेकडी, अरेरा टेकडी. तेव्हा हलक्या परदेशी सायकलीपुढे हिचे काय, असा प्रश्न टाकून मंडळी विजयी मुद्रेने बघतात. गणित करून पाहा. साठ किलोचा माणूस वीस किलोच्या सायकलीवर म्हणजे ऐंशी. सायकल पंधरा किलोची केली तर पंचाहत्तर. चढावरचे ओझे सहा टक्क्यांनी कमी झाले. चढ अवघड होतो तो एकच गिअर असल्यामुळे, आणि त्यावर भोपाळकराने फार पूर्वी उपाय काढला आहे: तो उतरतो आणि हाताने ढकलत वर जातो. तळ्याकडे उतरताना मात्र हीच वजनदार बया अशी संथ आणि सरळ धावते की हँडलवर नुसते बोट ठेवले तरी पुरते. अर्थात रॉड ब्रेक कोरडे असतील तोवरच. पावसात ओल्या रिमवर ते ब्रेक देवाच्या भरवशावर चालतात, हे प्रतिपक्षाला बिनशर्त कबूल.

हाच झगडा अमेरिकेत वेगळ्या वेषात झालेला आहे. तिथे सिअर्ससारखी मोठी भांडारे टेड विल्यम्स, फ्री स्पिरिट अशा आपल्याच नावांनी सायकली विकत. जाणकार नाके मुरडत: भांडारातली सायकल, शर्टाच्या आणि तव्याच्या रांगेत उभी, ती काय असणार! बऱ्याच होत्याही तशाच, जड आणि ओबडधोबड. पण सिअर्सच्याच नावाखाली विकलेल्या काही सायकली ऑस्ट्रियात पुख कंपनीने बनवलेल्या होत्या, जी आपल्या उत्तम सायकली ऑस्ट्रो-डाइमलर या नावाने विके. बिल्ला एकच, आत दोन वेगळे कारखाने. तिथल्या शहाण्या संग्राहकांनी यातून धडा घेतला आणि ते बिल्ला सोडून फ्रेमचे सांधे, मागच्या एक्सलची खाच आणि नळीवरचे देशाचे नाव पाहू लागले. आमच्याकडचे लोक अजून बिल्ला पॉलिश करत आहेत.

मग पाहावे तरी काय? सायकल उलटी करावी. बॉटमच्या, म्हणजे पायडलांचा आस फिरतो त्या नळीच्या, खाली किंवा सीटखालच्या सांध्यावर नंबर ठोकलेला असतो. रंगाचे थर घासून तो वाचावा. चेनव्हील नीट बघावे, कारण जुन्या कारखान्यांनी आपली सही तिथे केली आहे: रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापलेली असतात, रजच्यात उघडा पंजा, हंबरच्यात हात पसरलेली माणसे, बीएसएच्यात ती तीन अक्षरे. हंबरचा पुढचा चिमटा तर जोडनळ्यांचा, तो लपतच नाही. स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरांचे हब मिळाले, जे इथे विरळाच, तर त्याच्या पोटावर वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले सापडतात. आणि एक खूण डोळ्यांना नाही, मिस्त्रीच्या हाताला कळते. रॅलेने आपल्या बॉटमचे आटे इंचाला सव्वीस ठेवले होते, बाकीच्या इंग्रजी सायकलींचे चोवीस. बाजारातला साधा कप घेऊन मिस्त्री बसवायला गेला, तो दोन फेऱ्यांत अडला आणि मिस्त्रीने शिवी हासडली, तर आनंद माना.

पण यातला कुठलाही साक्षीदार एकटा विश्वासार्ह नाही. हबवरचे वर्ष हबचे असते, फ्रेमचे नव्हे. चाक बदलायला अर्धा तास लागतो. चेनव्हील कॉटर पिन ठोकून काढता येते आणि दुसऱ्या सायकलीवर चढते. म्हणून सगळ्यांची जबानी घ्यायची आणि कोण कोणाशी जुळते ते पाहायचे. जबान्या जुळल्या नाहीत की आमचा शौकीन हिरमुसतो, 'असेंबल आहे' म्हणून हात झटकतो. माझ्या मते सायकल खरी वाचण्यासारखी होते ती इथून पुढे.

भोपाळची गोष्ट घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून इथे आली. सचिवालयाबरोबर नागपूरकडचे कितीतरी मराठी कारकून, हेडक्लार्क, मास्तर आपापली बिऱ्हाडे घेऊन आले आणि तात्या टोपेंच्या नावाने वसलेल्या टी. टी. नगरच्या क्वार्टरांत राहू लागले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे उत्पादन १९६० मध्ये सुरू झाले, आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही वस्ती पाळीच्या भोंग्यावर चालू लागली. नवे शहर पसरट, जुन्या शहरापासून तुटलेले. स्कूटर नशिबात असली तर नंबर लागायला वर्षे जात. कचेरी, कारखाना, शाळा, न्यू मार्केटची भाजी, सगळे सायकलवर. असली सायकल पन्नास वर्षांत किती वेळा दुरुस्त झाली असेल! मूळ फ्रीव्हील गेले, लुधियान्याचे आले. मडगार्ड गंजले, जहांगीराबादेतल्या कुणा मिस्त्रीने दुसऱ्या कंपनीचे बसवले. लुधियान्याच्या छोट्या कारखान्यांनी सुटे भाग इतके मुबलक आणि इतक्या ठरावीक मापांत केले की आसनसोलची फ्रेम, पंजाबचे पायडल आणि मद्रासचे हँडल भांडण न करता एकत्र नांदू शकले. युरोपातल्या कितीतरी सायकली आट्यांच्या आणि मापांच्या भानगडींत अडकून कायमच्या उभ्या राहिल्या. आमची तथाकथित भेसळ चालती राहिली.

दुकानदाराची पट्टी ही या वाचनातली सर्वात दुर्लक्षित ओळ. जुने विक्रेते सीटच्या नळीवर किंवा मागच्या मडगार्डवर आपल्या दुकानाचे आणि गावाचे नाव चिकटवत. भोपाळात सापडलेल्या सायकलीवर नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानाची अर्धवट पट्टी असेल, तर एका राज्याची राजधानी हलल्याचा पुरावा तुमच्या हातात आहे. असला पुरावा रंगारी पहिल्याच तासाला पॉलिश पेपरने घासून टाकतो, कारण मालकाने काळा रंग, सोनेरी रेषा आणि चकचकीत 'मेड इन इंग्लंड'चे नवे स्टिकर मागवलेले असते. अशा नटवलेल्या सायकली कॅफेच्या दारात फुलांची कुंडी घेऊन उभ्या दिसतात. त्यांना सायकल म्हणायचा माझा हट्ट नाही.

याच तोऱ्यात ऐंशीच्या दशकातल्या सायकलींनाही हिणवले जाते, तेही थोडक्यात निपटून टाकतो. बीएसए एसएलआर, किंवा वाकड्या हँडलची, गिअर लावलेली ॲटलस. हिंदुस्थानातली पहिली रेसिंग सायकल आपण १९७८ मध्ये आणली, असे ॲटलस सांगे. जाणत्यांच्या मते ही रेसर नव्हती, रेसरचा वेष होता. असेल. त्या हँडलावर ओणवे होऊन बसणाऱ्या कॉलेजच्या पोराला कुठे स्पर्धा जिंकायची होती? ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला. आता त्या सायकलींचे भाग मिळणार नाहीत. पिकत होते तोवर विकले नाही. पंचवीस वर्षांनी हेच लोक त्यांच्यामागे धावतील, तेव्हा भावही तेच सांगतील.

प्रत्येक गंजलेली सायकल जपावी असे माझे म्हणणे नाही. फ्रेमचा सांधा तडकलेला असेल, ब्रेझिंग सुटून वरून वेल्डिंगची ढेकळे मारलेली असतील, चिमटा ठोकून सरळ केलेला असेल, तर ती चालवू नये आणि दुसऱ्याला विकूही नये. सरकारने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले १९८० मध्ये राष्ट्रीयीकृत केल्या, तरीही दोन्ही पुढे तगल्या नाहीत. तेव्हा आमचा सगळा माल सरस होता असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की सायकल कुठे बनली यावर तिची किंमत संपत नाही, पुढे तिचे काय काय झाले तेही किमतीत धरायचे. ते वाचायचे तर तिला तेल द्या, चेन धुवा, छर्रे नवे घाला, टायर बदला, आणि रंगाला हात लावू नका.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे, आणि पुणे सायकलींचे गाव म्हणून मिरवते तेव्हा त्याला दाखवायला काहीतरी आहे. भोपाळात २०१७ मध्ये भाड्याच्या स्मार्ट सायकलींची योजना वाजतगाजत सुरू झाली. तिच्याआधी या गावात कुणी पायडलच मारले नव्हते असे वाटावे, असा तो थाट होता. श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशभरातली खरी घरे उभी करून ठेवलेली आहेत, जातीउखळांसकट. तिथे किंवा राज्य संग्रहालयात पिपलानीच्या एखाद्या कामगाराची सायकल न रंगवता ठेवायला काय हरकत आहे? पाटीवर नुसते 'हर्क्युलिस, इंग्लंड' लिहू नये. लिहावे: फ्रेम अंबत्तूर, मागचे चाक लुधियाना, चेनकव्हर कापून लहान केलेले, डाव्या पायडलचा रबर टायरच्या तुकड्याचा, कॅरियरला डब्याची दोरी.