विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. वायू, जल, देश व काल बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी ग्रासते, असे त्यात प्रतिपादन आहे. त्याच अध्यायात भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात. साथीची तयारी साथीच्या आधीच करावयाची असते, हा त्याचा आशय. साथरोग सर्वेक्षणाच्या विनामूल्य संगणक प्रणालींचा विचार करताना आम्हांस हाच उपदेश आठवतो.

अमेरिकेतील सीडीसी या शासकीय संस्थेने १९८५ साली ‘एपि इन्फो’ ही प्रणाली उपलब्ध करून दिली. प्रश्नावली तयार करणे, नोंदी भरणे व त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करणे ही कामे साध्या संगणकावर, एक पैसाही न मोजता होऊ लागली. जगभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांनी व प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. परंतु तिचा सारा भार एकाच देशाच्या एकाच संस्थेवर होता. २०२५ साली त्या संस्थेने आपले पाठबळ थांबविले. संगणकातील प्रत एका रात्रीत बंद पडत नाही, हे खरे. तथापि दोषदुरुस्ती व सुरक्षिततेची कामे थांबली, की कोणतीही प्रणाली हळूहळू निरुपयोगी होते. चाळीस वर्षे वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्या खर्चाचा विचारही केला नव्हता.

याउलट ‘डीएचआयएस-२’ चे उदाहरण पाहावे. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेली ही मुक्त प्रणाली २००६ साली प्रथम आपल्या केरळ राज्यात वापरात आली. आज ७० हून अधिक देशांत ती चालते. नॉर्वे शासनासह अनेक आंतरराष्ट्रीय संस्था तिला निधी देतात आणि निरनिराळ्या देशांतील स्थानिक गट तिच्यात भर घालतात. २०२० च्या प्रारंभी श्रीलंकेतील तज्ज्ञांनी कोविडच्या नोंदींसाठी तिच्यात नवी रचना केली व ती इतर देशांनाही मिळाली. एकाने केलेले काम अनेकांच्या उपयोगी पडले, ते सहकार्यामुळेच. मात्र देणगीदार थोडे व वापरणारे असंख्य ही विषमता येथेही आहेच.

‘हे शासनाचे काम, त्यात आमचा काय संबंध?’ असे काही वैद्यबंधू म्हणतील. त्यांनी पावसाळ्यातील आपले चिकित्सालय आठवावे. कावीळ वा अतिसाराचे पाच-सहा रुग्ण एका वैद्याकडे, तितकेच दुसऱ्याकडे. शेजारचा औषध विक्रेता म्हणतो, की कुटजघनवटी या आठवड्यात अचानक संपली. प्रत्येकाजवळ साथीचा एकेक तुकडा असतो, पण ते तुकडे एकत्र न आल्याने दूषित पाण्याचा शोध उशिरा लागतो. आपल्या देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ पासून आहे आणि संशयित रुग्णांची नोंद खासगी व्यावसायिकांनीही द्यावी, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्यापैकी किती जण ती देतात, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःस द्यावे.

आम्हांस तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, संघटनेने आपल्या वार्षिक निधीतून अल्पसा का होईना, पण नियमित वाटा मुक्त आरोग्य प्रणालींवर काम करणाऱ्या भारतीय संस्थांना द्यावा. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षीची लहान रक्कम देखभालीस अधिक उपयोगी पडते. दुसरी, प्रत्येक तालुका शाखेने एक वैद्य व एक औषध विक्रेता नेमून साप्ताहिक माहिती जिल्हा सर्वेक्षण कक्षास कळवावी. तिसरी, परिभाषेचे काम. नमस्ते पोर्टलवरील आयुर्वेदीय संज्ञांचे संकेतांक २०१७ पासून उपलब्ध आहेत आणि आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेदास स्थान मिळाले. हे संकेतांक मुक्त प्रणालींत मराठीतून नीट बसविणे, हे काम आपल्यावाचून कोण करणार?

औषधी वेळेवर काढून ठेवली नाही, तर दोष भूमीचा नव्हे, आपला. या प्रणालींबाबतही तोच न्याय लागू आहे. संघटनेच्या आगामी सर्वसाधारण सभेत या सूचनांवर विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.