खिडक्या उघडा, कबुली वाचा

कबुली म्हटलं की मान खाली घातलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. २५ जून १५३० रोजी ऑग्सबर्गमध्ये विश्वासाची कबुली वाचली गेली ती ताठ मानेनं. समोर सम्राट पाचवा चार्ल्स. वाचायचीच तर लॅटिनमध्ये वाचा, हा त्याचा आग्रह. सॅक्सनीचा इलेक्टर योहान हटला नाही. जर्मन भूमीवर जर्मनच वाचणार! बिशपच्या वाड्यातलं प्रार्थनामंदिर छोटं. पण चॅन्सेलर ख्रिस्तियान बायरनं सुमारे दोन तास अशा खणखणीत आवाजात वाचलं की उघड्या खिडक्यांतून बाहेरच्या अंगणातही ऐकू गेलं.

धर्मसुधारक लूथर तिथं नव्हता. त्याच्यावर साम्राज्याची बंदी, म्हणून तो कोबुर्गच्या किल्ल्यात. मसुदा मेलांख्थोनचा, तो ग्रीकचा प्राध्यापक, पाळकपदाची दीक्षा त्यानं कधी घेतलीच नाही. आणि सह्या? संस्थानिकांच्या, न्यूरेम्बर्ग नि रॉइटलिंगेन या शहरांच्या. एकाही धर्मगुरूची नाही! आपली गादी पणाला लावून या माणसांनी सांगितलं, आम्ही हे मानतो.

मग ती कबुली समजून घेणं एकट्या पाळकसाहेबांचं काम कसं झालं? आपल्या लूथरन मंडळीच्या घटनेत तिचं नाव असतं. निवडणूक आली की आपण घटना काढतो, मतदानाचं कलम शोधतो, आणि त्या नावावरून बोट तसंच पुढे सरकतं.

आज आपल्या दारात येऊन कुणी म्हणतं, एवढं दान टाका, तेवढा आशीर्वाद घ्या. कबुलीचं चौथं कलम उघडा. देवापुढे नीतिमान ठरणं कमावता येत नाही, विकत घेता येत नाही. ते ख्रिस्तामुळे, कृपेनं, विश्वासानं फुकट मिळतं. पेटी की गिटार यावरून मंडळ्या दुभंगतात. सातवं कलम वाचा! शुभवर्तमान आणि संस्कार यांवर एकमत असलं की एकीला तेवढं पुरे. माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्याच हव्यात असं नाही. हे वाचलं असतं तर किती भावांची बोलणी तुटली नसती.

जे कबुलीचं, तेच प्रश्नोत्तरावलीचं. सॅक्सनीतल्या खेड्यांत फिरताना लूथरनं पाहिलं की लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही. त्यातून १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरावली निघाली. आधी भिंतीवर लावायचे तक्ते, मग पुस्तिका. ती कुटुंबप्रमुखानं घरात शिकवायची होती. १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरलेल्या मिशनरी झिगेनबाल्गनं ती तमिळमध्ये आणली, कारण परक्या भाषेत विश्वास घरात शिरत नाही. आपली मुलं मात्र दृढीकरणापुरती ती घोकतात नि पुढच्या रविवारी विसरतात.

उठा! या २५ जूनला मंडळीत कबुली मोठ्यानं वाचा, मराठीत वाचा, बायाबापड्यांना कळेल अशी वाचा. आणि तोवर थांबू नका. आज रात्री जेवणं उरकली की ताटं बाजूला सारा, प्रश्नोत्तरावलीतली पहिली आज्ञा म्हणा. लेकरानं "म्हणजे काय?" विचारलं, तर त्याला रविवारची वाट बघायला लावू नका.