पांच नोव्हेंबरची होळी

दरवर्षीं ५ नोव्हेंबरच्या रात्रीं इंग्लंडांत गांवोगांव होळ्या पेटतात, दारूकाम उडतें, आणि गाय फॉक्स नांवाच्या इसमाचा पुतळा आगींत टाकिला जातो. या दिवसाचा विसर पडूं देऊं नका, असें बजावणारें एक गीत तेथील मुलें पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलीं आहेत. गीत सोपें आहे. पण तें जें सांगत नाहीं तेंच अधिक विचार करण्याजोगें आहे, असें आमचें मत आहे.

हकीकत अशी. रोमन कॅथॉलिक पंथावरील जुलमानें चिडून रॉबर्ट केट्सबी व त्याचे साथी, एकूण तेरा असामी, यांनीं १६०५ सालीं राजा पहिला जेम्स यासह पार्लमेंट उडवून देण्याचा घाट घातला. लॉर्डांच्या सभागृहाखालीं बंदुकीच्या दारूचीं ३६ पिंपें दडविलीं. एका निनांवी पत्रानें कट फुटला व पहाऱ्यावरील फॉक्स पकडला गेला. यातना देऊन जबाब घेणें इंग्लंडच्या सामान्य कायद्यास संमत नव्हतें; तरीहि राजाच्या हुकुमानें त्याचे हाल केले गेले. ३१ जानेवारी १६०६ रोजीं त्यास देहान्त शिक्षा झाली.

निरपराध जीवांचा संहार योजणारे शिक्षेस पात्र होते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु न्यायाचें काम तेथेंच संपलें होतें. पार्लमेंट तेथें थांबलें नाहीं. एका कायद्यानें हा दिवस ईश्वराचे आभार मानण्याचा ठरला. १६०६ च्या दुसऱ्या कायद्यांनीं कॅथॉलिकांवर राजनिष्ठेची शपथ लादली गेली आणि राज्याच्या चर्चमध्यें न जाणाऱ्यांस वकिली व वैद्यकी बंद झाली. अपराध तेरांचा, दंड साऱ्या पंथास! पार्लमेंटांत बसण्याचा कॅथॉलिकांचा मार्ग १८२९ सालीं मोकळा झाला. सक्तीच्या उत्सवाचा कायदा १८५९ सालीं रद्द झाला. राजपदावर कॅथॉलिक बसूं नये, हा १७०१ चा निर्बंध मात्र आजहि कायम आहे.

कोणी म्हणेल, आतां ही केवळ मुलांची मौज आहे. तींत द्वेष कोठें उरला? बहुतेक ठिकाणीं हें खरें आहे, व त्याचा आम्हांस आनंदच वाटतो. पण ससेक्समधील लुइस गांवीं याच रात्रीं सतरा जळते क्रूस मिरवितात. १५५५ ते १५५७ या काळांत कॅथॉलिक राणी मेरीच्या अमदानींत तेथें जिवंत जाळलेल्या सतरा प्रॉटेस्टंटांचें तें स्मरण होय. तें योग्यच आहे. मग १६०६ नंतर विनाअपराध दंड भोगणाऱ्यांसाठीं एकहि मशाल कां नसावी?

स्वतःवरील घाला स्मरणें प्रत्येक राष्ट्रास सहज साधतें. स्वतःच्या हातून झालेला अन्याय स्मरण्यास मात्र धैर्य लागतें. कायदा एका ठरावानें रद्द होतो, गीत तसें रद्द होत नाहीं. म्हणूनच मुलांच्या मुखीं गीत घालणाऱ्यांची जबाबदारी कायदा करणाऱ्यांहून तिळमात्र कमी नाहीं. गुन्हेगाराचें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. परंतु त्याच्या पंथाचा पुतळा करूं नये, हा या होळीचा धडा इंग्लंडानें जसा घ्यावा तसाच आम्हींहि घ्यावा.