गाण्याचे चित्र आणि चित्राची पाठ

१/ या मालिकेत आपण बहुधा किल्ले, ताम्रपट आणि तहनामे यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा वाटेल : आवडत्या गाण्यावरून काढलेली मिश्रमाध्यम चित्रे. एकाच फलकावर ॲक्रिलिकचा रंग, वर्तमानपत्राचे कपटे, जुन्या लुगड्याचा काठ, कापूस, सुतळी, केळीचे वाळलेले सोपट आणि या साऱ्यांतून उभे राहणारे एखादे गाणे. हा विषय इतिहासाचा कसा, ते पाहू.

२/ माझे मत आधीच मांडतो. गाण्यावरून काढलेल्या चित्राची पुढची बाजू सर्वस्वी चित्रकाराची असावी. पाठ मात्र गाण्याची असावी. गाणे कोणाचे, कोणाच्या तोंडून ऐकले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तारखेला, हे चित्राच्या पाठीवर लिहिलेले असावे. ते नसेल तर चित्र सुंदर होईल आणि गाणे बेवारस.

३/ गाणे डोळ्यांना दाखवण्याची खटपट आपल्या मुलखाला नवी नाही. जुन्या खान्देशावर १३८२ ते १६०१ या काळात फारुकी घराण्याची सत्ता होती आणि आज मध्य प्रदेशात असलेले बुऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. कर्नाटकातून आलेला संगीतशास्त्रज्ञ पुंडरीक विठ्ठल याला बुऱ्हाणखान फारुकीचा आश्रय मिळाला. ‘सद्रागचंद्रोदय’ हा त्याचा ग्रंथ त्या आश्रयाचे फळ होय.

४/ हाच पुंडरीक पुढे उत्तरेत गेला. १५७६ मध्ये त्याने ‘रागमाला’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात राग केवळ स्वरांनी सांगितलेले नाहीत; त्यांना देह आहे, वस्त्रे आहेत, अलंकार आहेत, स्त्रिया आणि पुत्र आहेत. जे कानाला ऐकू येते ते डोळ्यांपुढे कसे दिसेल, याचे हे पद्यमय वर्णन. अशा वर्णनांना ‘ध्यान’ म्हणतात. रागाचे ध्यान वाचून चित्रकाराने कुंचला उचलावा, इतके ते दृश्यमय असते.

५/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये आणि पुढे राजस्थानात, पहाडी राज्यांत रागमाला-चित्रांचे संच तयार होऊ लागले. पुष्कळ संच ३६ चित्रांचे : सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या. मेघ रागात काळे ढग आणि नृत्य, तोडी रागिणीत वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणे, भैरवीत शिवाची पूजा करणारी नायिका. तुम्ही संग्रहालयांत ही चित्रे पाहिली असतील.

६/ आता त्यातील उणीव पाहा. चित्रकार बहुतेक वेळा गाणे ऐकून चित्र काढत नव्हता. श्लोक वाचून किंवा आधीचे चित्र पाहून काढत होता. चित्रावरून चित्र उतरत गेले. हरणे शतकानुशतके तशीच राहिली, पण तोडी गाणारी व्यक्ती कोण होती, ती काय गात होती, कोठे बसून गात होती, याचा मागमूस त्या चित्रांत सहसा सापडत नाही. रूप वाचले, आवाज हरवला.

७/ याच्या उलट एक युरोपीय उदाहरण. २ जानेवारी १९११ रोजी म्युनिच येथे आर्नोल्ड शोनबर्ग याच्या संगीताची मैफल झाली. वासिली कांडिन्स्की श्रोत्यांत होता. त्यानंतर लवकरच त्याने एक चित्र रंगवले. त्यात पियानोचा काळा आकार आहे आणि त्यावरून उसळून सर्वत्र पसरणारा पिवळा रंग. चित्र जवळजवळ अमूर्त आहे. तरीही मैफलीची तारीख, गाव आणि संगीतकार ठाऊक असल्याने ते इतिहासाचे साधनही ठरले. नोंद झाल्याने त्या पिवळ्या रंगाची झळाळी रतिभरही उणी झालेली नाही.

८/ मराठी मुलखात गाणे आणि चित्र यांचा संसार चित्रकथींनी केला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत आले. चित्रांचे दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवण्याची त्यांची रीत. एक बाजू संपली की पान उलटावे. येथे गाणारा चित्राशेजारीच बसलेला असे, म्हणून त्याचे नाव वेगळे लिहिण्याची गरज नव्हती. २०२१ साली याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. आपली चित्रे मात्र मोबाईलच्या पडद्यावर एकटीच फिरतात. त्यांच्याशेजारी कोणी बसलेले नसते.

९/ आता घरी येऊ. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यापाशी, घरकाम करता करता त्या गात असत. पुत्र सोपानदेव आणि नात्यातील एका भावाने त्यांपैकी काही गाणी लिहून ठेवली. त्या गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. जी लिहिली गेली ती आपल्याला मिळाली. बाकीची त्यांच्याबरोबर गेली.

१०/ गाण्याचा प्रवास तेथे थांबला नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांची गाणी आली आणि वसंत पवार यांनी त्यांना चाली दिल्या. पुढे रेडिओ, पाठ्यपुस्तके, शाळेची स्नेहसंमेलने. म्हणजे एकाच गाण्याचे निदान तीन अवतार झाले : जात्यापाशी म्हटलेले, पुस्तकात छापलेले आणि वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेले. तुम्ही ज्यावरून चित्र काढता, ते यांपैकी कोणते?

११/ हा प्रश्न शब्दच्छल नव्हे. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे घ्या. त्यावर चित्र काढायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात झाडाला लोंबणारा खोपा येतो आणि मिश्रमाध्यम असेल तर खरे गवत चिकटवले जाते. चित्रपटातले गाणे ऐकून काढलेला खोपा आणि आजीच्या तोंडून दळताना ऐकलेला खोपा, यांत फरक पडायला हवा. पहिल्यात वाद्यमेळ आहे, दुसऱ्यात जात्याची घरघर आणि मधेच लागलेला दम. दोन्ही काढण्याजोगे आहेत. पण कोणता काढला ते सांगावे, अन्यथा शंभर वर्षांनी तोडीच्या हरणांसारखे होईल : शंभर खोपे, सगळे सारखे, आवाज एकाचाही नाही.

१२/ मिश्र माध्यमाचे सामर्थ्य मला येथेच दिसते. तैलरंगातील कापूस हे कापसाचे चित्र असते. फलकावर चिकटवलेला कापूस हा खरोखरच कोणत्या तरी शेतातून आलेला असतो. वस्तूला जन्मगाव असते. लुगड्याच्या काठाला नेसणारी असते. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर असे चित्र काही अंशी स्वतःच पुरावा घेऊन येते. मात्र तो पुरावा बोलका होण्यासाठी त्याचे गाव आणि साल लिहावे लागते. अन्यथा तो नुसता कापूस.

१३/ वस्तू मांडून दृश्य निर्माण करण्याची कला खान्देशाने जवळून पाहिली आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून त्यातून अवघा निसर्ग उभा करीत आणि त्याचे छायाचित्र घेत. घर सोडून ते क्वचितच बाहेर पडत. चित्रकला, शिल्प, संगीत हे सारे त्यांच्या एकाच छताखाली नांदत होते. चाळीसगावला त्यांचे संग्रहालय आहे. मिश्र माध्यमात काम करणाऱ्याने ते एकदा तरी पाहावे.

१४/ आता आजच्या लोकप्रिय गाण्यांकडे वळू. ‘हाई झुमका वाली पोर’ ठाऊक नाही, असा आपल्याकडचा तरुण विरळा. हळद, वरात, यात्रा : अहिराणी गाणे आज मांडवात आहे, रिक्षात आहे, यूट्यूबवर आहे. काही जाणकार अशा गाण्यांना नाक मुरडतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती चैन परवडत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार नोंदवली गेली. एवढ्या माणसांची भाषा आज कोणत्या सुरात मोठ्याने बोलते आहे, हे उद्याच्या अभ्यासकाला या गाण्यांतूनच कळणार आहे.

१५/ म्हणून अशा गाण्यावरही निःसंकोच चित्र काढावे. एकच विनंती : चित्रात अहिराणी शब्द लिहिले, तर ते बोलतात तसेच लिहावेत. ‘हाई’ची ‘ही’ करू नये. प्रमाण मराठीचा रंधा फिरवला की शब्द गुळगुळीत होतो, पण त्याचे गाव पुसले जाते. तसेच बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. तिला सरसकट अहिराणी म्हणणे हीसुद्धा चुकीचीच नोंद.

१६/ यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. चित्रकार हा कारकून नव्हे. चित्राला दफ्तर बनवू नका. मान्य. म्हणूनच मी दर्शनी भागाविषयी काहीही मागत नाही. गाण्यात पाऊस असेल आणि तुम्हाला तो लाल दिसला, तर लालच काढा. नायिका न काढता नुसता फाटका काठ लावा. रागमालेचा साचा जसा नको, तसा माझा साचाही नको. मागणी फक्त पाठीवरच्या चार ओळींची आहे.

१७/ या मागणीमागे धुळ्याचा संस्कार आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि पुढे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्यांच्या वाटेवरून चालणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हा : कागदावर मिती नसेल, स्थळ नसेल, तर उत्तम मजकूरही अर्धा मुका होतो.

१८/ मात्र साधनांच्या त्या ढिगांत स्त्रियांचा आवाज फार थोडा आहे, कारण तो कागदावर आलाच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट : ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदवलेले आहे. ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली त्या बायका गाडल्या गेल्या नाहीत.

१९/ खरा प्रश्न हाच आहे. कानबाईच्या रात्री आई-मावश्यांनी म्हटलेले गाणे आपण ऐकतो, त्यावरून चित्र काढतो आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही करतो ती स्वतःची. चित्राला शेकडो लोक दाद देतात. जिच्या कंठातून ते आले तिचे नाव कोठेही नसते. तिने कधी हक्क सांगितला नाही, म्हणून तिचा हक्क नाही असे होत नाही.

२०/ जाता जाता टिकाऊपणाविषयी. मिश्रमाध्यम चित्र अल्पायुषी असते. वर्तमानपत्र पिवळे पडते, धान्याला कीड लागते, सोपट आक्रसते. आणि मोठ्या कामालाही दैव चुकत नाही : रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. तो स्वतः भुसावळच्या मातीत विसावला आहे. धडा इतकाच की चित्राच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि ते एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवावे.

२१/ पाठीवर काय लिहावे? मऊ पेन्सिलने, देवनागरीत, चार ओळी.
पहिली : गाणे कोणते आणि कोणत्या बोलीत.
दुसरी : कोणाकडून ऐकले, जिवंत की ध्वनिमुद्रित.
तिसरी : गाव, प्रसंग, तारीख.
चौथी : चिकटवलेल्या वस्तू कोठून आल्या.
एक अट आहे. गाणारी व्यक्ती घरातली वा ओळखीची असेल, तर नाव लिहिण्यापूर्वी तिला विचारावे. ती ‘नको’ म्हणाली, तर ‘नाव सांगण्याची इच्छा नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे.

२२/ भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत जळगावकडे घरोघरी गुलाबाई बसते. महिनाभर मुली गाणी म्हणतात. मातीची मूर्ती, भोवतीची आरास आणि रोजचे गाणे असे ते मुलींचे आपले स्वतःचे मिश्र माध्यमच. यंदा त्यांतले एक गाणे निवडा, म्हणणारीजवळ बसून पूर्ण ऐका, आणि मग रंग कालवा. चित्र येथे टाकाल तेव्हा सोबत त्याच्या पाठीचे छायाचित्रही टाका. मी आधी पाठ वाचेन.