आधी थांबायचं बघा, मग पळायचं

मंडळी, जुन्या जीपांना नवं आयुष्य देणाऱ्यांबद्दल मला प्रेमच आहे. पण हल्ली या छंदात जे चाललंय, त्यावर एकदा भांडायलाच हवं. सीजे-३बी घ्यायची, मूळचं सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन काढून त्याजागी दांडगं डिझेल बसवायचं, खाली जाडजूड टायर, वर दिव्यांची रांग... आणि ब्रेक? "लागतायत की!"

लागतायत म्हणजे काय हो? गल्लीत वीसच्या स्पीडला लागतायत. ताशी ६० ऐवजी ९० ने गेलात, तर वेग दीडपट होतो. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. ती उष्णता जाणार त्याच जुन्या ड्रममध्ये. ड्रम तापून प्रसरण पावतो, शू त्याच्यापासून लांब पडतात, लायनिंगची पकड सुटते आणि घाटाच्या मध्यावर पेडल खाली जातं. त्यात टायरचा व्यास १० टक्के वाढवलात की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. हे दहावीचं गणित आहे, यात मतभेदाला जागा नाही.

बरं, या जीपच्या ब्रेकचं सर्किट एकच. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. "हँडब्रेक आहे ना!" आहे, पण तो चाकावर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचा एक शाफ्ट तुटला तर डिफरन्शियल मोकळं फिरतं आणि हँडब्रेक नुसता शोभेचा उरतो. आणि शाफ्ट तुटणार कधी? त्याच्या ताकदीबाहेरचं इंजिन आणि मोठे टायर लावल्यावरच ना? म्हणून अ‍ॅक्सल आणि ब्रेक हे दोन वेगळे खर्च नाहीतच, एकच आहे.

"आम्ही गाडी ओरिजिनल ठेवतो," हा दुसरा युक्तिवाद. इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, आणि ओरिजिनलचा पुळका नेमका ब्रेकपाशी येतो! तिसरे म्हणतात, कायदा आडवा येतो. खरंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशन सोडून बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते नीट बजावलंय. पण मग इंजिन बसवताना कायदा कुठे गेला होता?

उलट टोकाचेही आहेत. पुढे डिस्क बसवली की झालं! डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणजे बूस्टर आला. डिझेल असेल तर बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप आला. मास्टर सिलिंडर डिस्कला साजेसा हवा, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जमवायला हवा. नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गर्रकन फिरते. आमच्या धंद्यात अशा कामाला पॅच म्हणतात. तिथे सर्व्हर पडतो, इथे माणूस.

"पूर्वी चालत होतं ना?" चालत होतं, कारण सगळेच हळू जायचे. आता पुढच्या कारला एबीएस आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. ती थांबेल. तुम्ही तिच्या डिकीत शिराल. त्या कारमधल्यांनी तुमच्या छंदाची वर्गणी का भरायची?

माझं म्हणणं साधं आहे. पहिला पैसा नवे शू, व्हील सिलिंडर, होज, ब्रेक ऑइल, हबची बेअरिंगं यांवर घाला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मोठं इंजिन हवंच असेल तर त्याला पेलणारे ब्रेक आणि अ‍ॅक्सल धरूनच आरटीओच्या दारात जा. परवानगी नाही मिळाली तर जुनं इंजिन ठेवा आणि साठने चालवा. जीप साठनेच छान दिसते.

असो. शिव्या द्यायच्या तर जरूर द्या, पण आधी एकदा चाकं काढून आत बघा.