दोष कोणाच्या हद्दीत?

इंटरनेट बंद पडल्याची वर्दी तक्रार केंद्राला देणाऱ्या ग्राहकास, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, जी पहिली आज्ञा होते ती ठरलेली आहे : राउटर बंद करून पुन्हा चालू करा. हा उपाय निरर्थक आहे असे म्हणण्याचा अन्याय आम्ही करणार नाही, कारण महिनोन्महिने अखंड राबणारे ते यंत्र एका विश्रांतीने पुष्कळदा ताळ्यावर येते. परंतु दोष कोठे होता याची चौकशी न करता तो नाहीसा करणे, आणि तेवढ्यावर तक्रार दप्तरदाखल करणे, हे पंचनाम्यापूर्वीच मुद्देमाल धुऊन टाकण्यासारखे आहे. तोच दोष चार दिवसांनी परततो, आणि आज्ञाही.

वास्तविक पहिला प्रश्न हद्दीचा असतो, आणि त्याचे उत्तर भिंतीवरील खोक्याने आधीच देऊन ठेवलेले असते. फायबरच्या जोडणीत ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असावा, ‘एलओएस’चा तांबडा दिवा लुकलुकू लागला, की बाहेरून येणारा प्रकाश खोक्यापर्यंत पोहोचत नाही असे निश्चित समजावे, आणि मग राउटरची कळ दिवसभर दाबूनही काही साधत नाही. केबल बहुधा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तोडलेली असते, किंवा फांदी छाटणाऱ्यांनी फांदीसमवेत खाली आणलेली असते. (तथापि फिर्याद गुदरण्यापूर्वी कपाटामागे एकवार डोकावावे. ज्या काचेच्या तंतूत प्रकाशाची वाट अवघी 9 मायक्रोमीटर रुंद असते, तो साफसफाईच्या भरात मुडपला गेला, तरी हाच दिवा लागतो.)

दिवे बिनतक्रार असतील तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर सुरळीत आणि वायफायवर रखडत चालत असेल, तर कंपनीस निर्दोष सोडणे भाग आहे. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण दोन भिंतींतच हतबल होतात, आणि 2.4 च्या लहरी दूर जातात, पण त्या पट्ट्यात साऱ्या इमारतीचे राउटर आणि शेजारच्या वहिनींचा मायक्रोवेव्ह गर्दी करून असतात. केबलवरही संकेतस्थळे उघडत नसून 8.8.8.8 ला पिंग केल्यास उत्तर येत असेल, तर बहुधा नावांवरून पत्ते सांगणारी डीएनएस यंत्रणा रुसलेली असते.

एवढा तपास करून फोन करणाऱ्या ग्राहकालाही राउटर बंद करण्याचाच हुकूम सुटतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या विनियमांनी तक्रारीस क्रमांक आणि असमाधानी तक्रारदारास अपिलाची मुभा दिली आहे, ही मोठीच सोय. अपील ऐकणारा अधिकारी मात्र त्याच कंपनीने नेमायचा असतो. तेव्हा तक्रार क्रमांक जपून ठेवावा, लुकलुकणाऱ्या दिव्यांचे छायाचित्र काढावे, आणि मग हुकमाप्रमाणे राउटर खुशाल बंद करावा.